एक कॉर्नर, एक हेडर

आज कपाट आवरायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात दुपारभर इंग्लिश फुटबॉलपटू, स्ट्रायकर (म्हणजे पुढे राहून गोल करणारा) रिकी लॅम्बर्टचा एकच गोल बघत बसलो.

१४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, समोर स्कॉटलंड. एकतिसाव्या वर्षी इंग्लंडकडून पहिलीच मॅच, तीही रूनीच्या जागी बदली म्हणून. मैदानात उतरून तीन मिनिटंही झाली नसतील. सहकारी बेन्सने कोपऱ्यातून मारलेला कॉर्नर आला, हा उडाला, डोक्याने बॉल जाळ्यात! बॉलला त्याचा तो पहिलाच स्पर्श. धावत सुटला तेव्हाचा त्याचा चेहरा मी दहादा तरी मागे नेऊन पाहिला.

पंधराव्या वर्षी लिव्हरपूल क्लबने त्याला सोडून दिलं होतं. पुढे ब्लॅकपूल क्लबनेही. मग काही महिने कारखान्यात बीटच्या बरण्यांना झाकणं लावली. मॅकल्सफिल्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स... खालच्या डिव्हिजनमध्ये वर्षं गेली. काही काळ तर त्याला मिडफिल्डमध्येही खेळवलं. (हे मला अजून पटत नाही.) २००९ मध्ये साउदॅम्प्टनने घेतला, तोही तिसऱ्या पातळीवर. तिथून तीन वर्षांत थेट प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची पातळी.

२०१४ मध्ये लिव्हरपूलने परत बोलावलं. टिकला एकच मोसम, बराचसा बाकावर. पण गेला होता ना घरी!

कपाट तसंच आहे. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं.