काळी चारचा तबला

गेल्या डिसेंबरात इंदूरच्या एका मैफिलीत ताई मारवा गाणार होत्या आणि त्यांनी भीमपलास गायला. ऐकणाऱ्यांनी तो मनापासून ऐकला, आयोजकांनी पुढच्या वर्षीचे आमंत्रण तिथल्या तिथे दिले, आणि राग ऐन वेळी का बदलला याची चौकशी एका वृद्ध श्रोत्याखेरीज कोणी केली नाही. कारण आम्हा तिघांनाच माहीत होते: ताईंना, पेटीची साथ करणाऱ्या मास्तरांना आणि मला. मी गेली अठरा वर्षे तबल्याची साथ करते. गायकाने कोणता राग गावा हे तबल्याने ठरवावे, असा प्रसंग माझ्यावर त्याआधी आलेला नव्हता. आणि त्या दिवशी तो खरोखरच आला होता की मी तो आणला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ताईंची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज (सा). तबला ठोकला की हव्या त्या सुरात लागतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक तबल्याला त्याचा स्वतःचा सूर असतो. तोंडाचा व्यास, पुडीची (वरच्या कातड्याची) जाडी आणि शाईचे (मधल्या काळ्या लेपाचे) थर मिळून तो ठरतो, आणि त्याच्यापासून अर्धा स्वर वर किंवा खाली, एवढीच मोकळीक वादकाला असते. म्हणून ताईंसाठी माझ्याकडे सहा इंची तोंडाचा काळी पाचचा तबला आहे, कुठेही उपयोगी पडणारा साडेपाच इंची काळी एकचा आहे, आणि सव्वासहा इंचांचा काळी चारचाही आहे. हा तिसरा पुण्यात राहिला. विमानात 15 किलोंची मर्यादा होती, आणि शिसवी खोडाचे दोन तबले, तांब्याचा डग्गा व हातोडी एवढ्यातच ती संपली. जादा वजनाचे पैसे द्याल का, असे मी आयोजक संस्थेच्या कार्यवाहांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इंदुरात काय तबल्यांना तोटा आहे?" त्याच संस्थेने सभागृहापर्यंतच्या रस्त्यावर खांबाखांबाला फलक लावले होते. फलकांसाठी पैसे असतात आणि साथीच्या वाद्यासाठी नसतात, हे मी इतक्या गावांत पाहिले आहे की त्यावर वाद घालणे मी सोडून दिले होते. त्या वेळी घालायला हवा होता.

शनिवारी सकाळी पोहोचलो. उतरण्याची सोय रामबागेतल्या एका मराठी घरी होती. काकूंनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या आणि मास्तरांनी पहिल्याच घासाला विचारले की यात बडीशेप का. इंदुरी पोहे आपल्यासारखे फोडणीच्या कढईतून थेट बशीत येत नाहीत. ते वाफेवर धरलेले असतात, म्हणून मऊ राहतात, आणि वरून कांदा, शेव, जिरावण मसाला आणि शेजारी गरम जिलेबी असते. काकूंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण पोह्यांच्या बाबतीत हे घर पूर्ण माळव्याचे झाले आहे.

त्यांच्या दिवाणखान्यात मांडूच्या जुन्या किल्ल्याचे एक जलरंगातले चित्र होते. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 साली इंदुरात कलाशाळा सुरू केली, आणि चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन यांचे सुरुवातीचे शिक्षण तिथले. काकूंचे सासरे त्याच शाळेत शिकलेले, पुढे आयुष्यभर ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केलेले. चित्र संध्याकाळचे होते. पडक्या कमानी गेरूच्या रंगाच्या, जमिनीवर जांभळट सावली, आणि सूर्य मात्र कागदावर कुठेच नाही. ताई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूर्य काढलाच नाहीये, बघ. मारव्यात षड्जाला असंच लांब ठेवायचं असतं."

मारवा त्यांनी इंदूरसाठीच राखून ठेवला होता. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढले. वडील शाहमीर खाँ सारंगीवादक, मेरुखंडाची (स्वरांचे क्रम आलटून-पालटून गाण्याच्या पद्धतीची) तालीम घरातली. खाँसाहेबांचा मारवा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर सगळा भार, पंचम वर्ज्य (अजिबात न घ्यायचा), षड्जावर टेकायचे ते अगदी मोजके. मैफल साडेपाचची होती आणि डिसेंबरात तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मारव्याची वेळ आणि कार्यक्रमाची वेळ जुळणे हल्लीच्या आयोजनांत दुर्मीळ, त्यामुळे ताई महिनाभर त्याच तयारीत होत्या. विलंबित झूमरा, म्हणजे संथ लयीतला झूमरा ताल, ठरला होता, खाँसाहेबांना जसा लागे तसा साधा, सरळ ठेका.

रात्री आम्ही सराफ्यात गेलो. जायचा आग्रह माझा होता, हे इथे लिहून ठेवते. सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढच्या रस्त्यावर खाण्याची दुकाने मांडली जातात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. भुट्ट्याचा कीस खाल्ला. गराडू खाल्ला, हा कंद हिवाळ्यातच मिळतो, दोनदा तळलेला, वर लिंबू आणि जिरावण. मग एका दहीवड्याच्या दुकानापुढे मी नुसती पाहत उभी राहिले. तो माणूस एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले उचलत होता आणि वड्यावर ते एकामागून एक सोडत होता, आधी मीठ, मग जिरे, मग तिखट, एकाचा कण दुसऱ्यात न मिसळता. बोटे इतकी सुटी व्हायला तबल्यावर 'तिरकिट' हा बोल वाजवणाऱ्याला वर्षे लागतात. मी त्याला तीनदा वडा मागितला, केवळ हात पाहण्यासाठी. त्यानंतर शिकंजी. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते. आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली, दाट आणि थंडगार असते. ताई नको म्हणाल्या. "अर्धा पेला घ्या, परत कधी येणार?" असे मी म्हणाले आणि त्यांनी तो घेतला.

सकाळी त्यांचा आवाज बसला होता. बसला म्हणजे गेला नव्हता. खाली उतरला होता. तार षड्जाला, वरच्या सा-ला, तो फाटत होता, पण मंद्रात, खालच्या सप्तकात, मात्र इतका भरीव लागत होता की मास्तर पेटी थांबवून ऐकत राहिले. ज्येष्ठमध, गरम पाणी, काकूंचा काढा, सगळे झाले. दहा वाजता ताईंनी सांगितले की आज काळी चार. मास्तरांना अडचण नव्हती, पेटीवर बोट दोन पट्ट्या खाली सरकवले की झाले. तंबोरेही उतरले. प्रश्न माझा होता.

काळी पाचचा तबला काळी चारला उतरवायचा म्हणजे दोन अर्धे स्वर खाली. त्यात माळव्याची हिवाळी हवा कोरडी. कोरड्या हवेत कातडे ताणते आणि तबला आपोआप चढतो. रात्रीत तो आधीच पाव स्वर वर गेला होता. मी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे वर सरकवून त्या कातडी वाद्या सैल केल्या, गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) खालून हलके घाव घातले, सोळाही घरे फिरून पुन्हा पहिल्यावर आले. पहिला अर्धा स्वर निमूटपणे उतरला. दुसऱ्याला पुडी ढिली पडली. चाटेवर (पुडीच्या काठावर) 'ना' वाजवला की सूर टिकायचा नाही, शाईवर बोट पडले की 'ढप' असा आवाज यायचा. झूमऱ्याच्या एका आवर्तनात चार वेळा 'तिरकिट' येते, आणि सैल पुडीवर त्या चार अक्षरांचा लगदा होतो. मी ठेका धरून दाखवला. ताई काही बोलल्या नाहीत.

अशा वेळी दुसरी वाट असते, तबला षड्जाऐवजी मध्यमात (म या स्वरात) लावण्याची. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, आणि तो तबला माझ्याजवळ होता, उत्तम बोलणारा. पण मारव्यात शुद्ध मध्यम नाही. ज्या रागात तो स्वर चुकूनही येऊ नये, त्यात तबल्याने तो दर मात्रेला ठणकावत राहायचा, हे शक्यच नव्हते. पंचमात लावावा तर मारव्याला पंचमही नाही, आणि त्या सुराचा लहान तोंडाचा तबलाही नव्हता.

कार्यवाहांनी एका शाळेतला तबला मागवला. त्याच्या शाईला भेगा होत्या. मग त्यांच्याच एका कार्यकर्त्याच्या दुचाकीवर बसून मी राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून एका तबला बनवणाऱ्या कारागिरांच्या घरी गेले. रविवार असूनही त्यांनी दार उघडले. काळी चारच्या तोंडाचा एक तबला त्यांच्याकडे होता, परंतु त्याची शाई दोन दिवसांपूर्वीची, घोटून झालेली, पण हाताखालून न गेलेली. मी तो मागितला. त्यांनी त्यावर एकच बोट टेकवले, कान लावला आणि म्हणाले, "अभी ये बोलेगा नहीं, बेटी. बजाओगी तो ज़बरदस्ती होगी." माझा तबला मात्र त्यांनी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी फिरवला आणि विचारले, किती उतरवायचा आहे. मी सांगितले. "उतर जाएगा," ते म्हणाले, "मगर आवाज़ मांगो मत उससे." एवढे बोलून त्यांनी तो परत दिला आणि चहाचा आग्रह केला. पैसे घेतले नाहीत.

परत येऊन मी ताईंना सांगितले की तबला उतरत नाही. कारागिरांचे ते वाक्य मी सांगितले नाही. ताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मग भीमपलास घेऊ. वेळही धरून आहे." भीमपलासात मध्यम हाच वादी (मुख्य स्वर), माझ्या काळी एकच्या तबल्यासाठी त्याहून सोयीचा राग नव्हता.

मैफल चांगली झाली, हे मी वर म्हटलेच आहे. तबला असा घुमत होता की मध्यंतरात दोघे-तिघे त्याचे कौतुक करायला आले. पण ताई मंद्र सप्तकात उतरल्या तेव्हा मला जे ऐकू आले, ते त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. तो जड, दमलेला, खालच्या धैवतावर स्वस्थ बसू शकणारा आवाज मारव्याचाच होता. महिनाभर त्या ज्याची वाट पाहत होत्या, तो त्या आदल्या रात्रीच्या अर्ध्या पेल्यानंतर आला होता, आणि मी शेजारी बसून त्याला मध्यम देत होते.

शेवटी एक आजोबा काठी टेकत मंचाजवळ आले. संस्थेने पाठवलेल्या निरोपात मारव्याचा उल्लेख होता. "मारवा ऐकायला आलो होतो," ते ताईंना म्हणाले, "पण हेही छान झालं." ताईंनी वाकून नमस्कार केला आणि तब्येतीचे कारण सांगितले. माझे नाव त्यांनी घेतले नाही, तेव्हाही नाही आणि परतीच्या प्रवासातही नाही.

पुण्याला आल्यावर आठ दिवसांनी मी तोच काळी पाचचा तबला काढला आणि काळी चारला उतरवला. तंबोरा लावून अर्धा तास झूमऱ्याचा ठेका धरला, एकही जादा बोल न भरता. पुण्याची हवा इंदूरइतकी कोरडी नव्हती, हे खरे. तिरकिट बोथट होते, 'ना' मिटल्यासारखा होता. मात्र ठेका उभा राहिला, आणि सूर अर्धा तास हलला नाही. आवाज चांगला नव्हता. त्या आवाजावर मारवा गाता आला असता का, हे सांगू शकणारी व्यक्ती एकच आहे, आणि त्यांच्यासमोर तो तबला मी अजून नेलेला नाही.