पांढरी रेघ पुसट करताना

खांद्यातली तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा तंतूंचा पट्टा, शल्यचिकित्सक दोऱ्यांनी आणि हाडात रोवलेल्या अँकरने पुन्हा जागेवर बसवतात. पण कंडरा आणि हाडाचा मूळचा जोड तिथे परत तयार होत नाही, त्याच्या जागी व्रणाची दुबळी ऊती येते. तो जोड म्हणजे काय, हे मला शोधनिबंधांपेक्षा मटणवाल्याकडून आणलेल्या बकऱ्याच्या खांद्याने अधिक शिकवले. उभा छेद घेतल्यावर कंडरा नेमकी कुठे संपते, हे सुरीच्या टोकाने दाखवता येईना. कंडरा, तंतुमय कूर्चा, खनिजयुक्त कूर्चा आणि हाड हे चार टप्पे अगदी थोड्या जागेत एकमेकांत मिसळत जातात, आणि पीएचडीसाठी मला तसेच काहीतरी घडवायचे होते.

पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचे तंतू फिरत्या ड्रमवर ओढून कंडरेसारखी एका दिशेची चटई करायची, एवढा भाग सोपा वाटला होता. पावसाळा लागला आणि तंतू एकमेकांना चिकटू लागले. यंत्राच्या पेटीत आर्द्रता काढणारे उपकरण बसवेपर्यंत जुलै वाया गेला.

पुढचे काम खनिजाचे, म्हणजे चटईचे एक टोक हाडासारखे कडक करण्याचे. कोकुबो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रक्तद्रवातील क्षारांच्या प्रमाणाशी मिळते द्रावण मांडले होते. त्याचे दहापट तीव्र रूप वापरले की कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे हाडातल्यासारखे खनिज, तंतूंवर लवकर बसते. हे पॉलिमर पाण्याला जवळ करत नाही, म्हणून चटई आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवावी लागली. मग ती चंचुपात्रात उभी टांगून मी अर्ध्यापर्यंत द्रावण एकदम ओतले. अ‍ॅलिझरिन रेड या कॅल्शियमला लाल रंगवणाऱ्या रंगाने खालचा भाग लालभडक झाला, वरचा कोराच राहिला, आणि मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी दिसली. ताण दिल्यावर नमुने बहुतेक त्याच सीमेवर फाटले, कारण कडक आणि मऊ भागांतला सारा ताण तिथेच साचत होता.

उपाय समोरच पडला होता. तंतू काढायच्या सिरिंज पंपानेच मी द्रावण सावकाश सोडले, त्यामुळे पातळी तासन्‌तास चढत राहिली आणि तळाच्या तंतूंना सर्वाधिक वेळ मिळाला. द्रावण दुधाळ होऊन साका धरू लागले की ते फेकून नवे करायचे, हा जाच मात्र शेवटपर्यंत टळला नाही. एका रात्री डाग दिलेली पट्टी दिव्यासमोर धरली, तेव्हा लाल रंग गुलाबी होत होत विरला होता, आणि रेघ दाखवायला मार्गदर्शकांनी पेन्सिल उचलली ती तशीच खाली ठेवली.