आमची वाटचाल: चांदीच्या नाण्यांवरची युद्धविमानं

आमच्या व्यवसायाचा पाया कॅनडाच्या 20 डॉलरच्या विमान मालिकेने घातला. रॉयल कॅनेडियन मिंटने 1990 ते 1999 या काळात दरवर्षी दोन, अशी 20 नाणी काढली. प्रत्येकाचं वजन 31.103 ग्रॅम, व्यास 38 मिलिमीटर आणि चांदी 92.5 टक्के. म्हणजे शुद्ध चांदी भरते 28.77 ग्रॅम. वजनाचा आकडा पाहून पूर्ण औंस (31.103 ग्रॅम) चांदी धरली की भाव चुकलाच. विमानासोबत लंबगोल चौकटीत सोन्याचा मुलामा दिलेला चेहरा, ही या मालिकेची ओळख. 1990च्या लँकॅस्टर बॉम्बर विमानाच्या नाण्यावर आहेत फॉकियर, ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वाड्रन या तुकडीचे एक प्रमुख. त्याच वर्षीच्या अॅन्सन-हार्वर्ड या प्रशिक्षण विमानांच्या जोडीवर रॉबर्ट लेकी, कॅनडाच्या हवाई दलाचे एक प्रमुख.

‘युद्धातली विमानं हवीत, पूर्ण संच द्या’ म्हणणाऱ्याला आम्ही आधी यादी वाचायला देतो. दुसऱ्या महायुद्धाशी थेट नातं आहे ते मुख्यतः 1990च्या या दोन नाण्यांचं. 1992चं कर्टिस जेएन-4 हे पहिल्या महायुद्धात वैमानिक घडवणारं विमान. बाकी बरीचशी नागरी किंवा युद्धानंतरची. सुटी नाणी विकायची प्रथा आम्ही त्यामुळेच पाडली.

पुढे मार्शल बेटांची 1991ची विमानं आली. तिथे 50 डॉलरचं नाणं चांदीचं आणि 10 डॉलरचं पितळेचं. चांदीचा मुलामा चढवलेलं पितळ फोटोत ओळखू येत नाही, म्हणून आधी दर्शनी मूल्य वाचायचं, चित्र नंतर.

ब्रिटनच्या नाण्यांनी तपासणीची पद्धतच बदलायला लावली. रॉयल एअर फोर्सच्या शताब्दीला, 2018मध्ये, दोन पौंडांची पाच नाणी निघाली; त्यात दुसऱ्या महायुद्धातलं विमान एकच, स्पिटफायर हे लढाऊ विमान. चांदीच्या प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारख्या चकाकीने पाडलेल्या) नाण्याच्या बाहेरच्या कड्याला सोन्याचा मुलामा आहे, त्यामुळे ते साध्या दुरंगी नाण्यासारखंच दिसतं. व्यास दोघांचा 28.4 मिलिमीटर आणि वजनही दोघांचं 12 ग्रॅम. काटा इथे काहीच सांगत नाही. सांगते ती घनता.

शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण ते तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. 12 ग्रॅमच्या स्टर्लिंगला, म्हणजे 92.5 टक्के चांदीला, ते 1.16च्या आसपास येतं, साध्या नाण्याला 1.4च्या जवळ. एक औंसाच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला 2.97. कडेच्या खाचांत बुडबुडे अडकले की आकडा वाढतो आणि चांगलं नाणंही खोटं वाटतं, म्हणून दोरा हलकेच झटकून पुन्हा वाचायचं. कॅप्सूलमधल्या (नाण्याच्या पारदर्शक डबीतल्या) निष्कलंक प्रूफवर मात्र हा प्रयोग आम्ही करत नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर पाण्याचा एक डाग राहिला तरी किंमत पडते.

साफसफाईबद्दल आमचं मत ठाम आहे: शक्यतो करूच नये. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो काचेच्या बशीत शुद्ध अॅसिटोनमध्ये, न घासता, निघतो. काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर द्रव्यं असतात. रंगीत छपाईच्या नाण्यांना अॅसिटोन लावूच नका. विमानावरची वर्तुळं आणि पट्टे रंगाचे असतील, तर थरासोबत तेही जातात. शुद्ध चांदीवर कालांतराने उमटणारे दुधी ठिपके खात्रीने घालवणारा उपाय नाही. चांदी उजळवणाऱ्या द्रावणात बुडवलं तर प्रूफची चमक मरते.

चित्र वाचणं हा आमच्या कामातला सर्वांत आवडीचा भाग. स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार, चाकं बाहेरच्या बाजूला दुमडणारी. त्याच काळातल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची चाकं आत दुमडतात आणि पाठीला कुबड दिसतं. काळे-पांढरे आडवे पट्टे जून 1944च्या नॉर्मंडी स्वारीसाठी रंगवले गेले. 1940च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईचं चित्र म्हणवणाऱ्या विमानावर ते आढळले तर आराखडा चुकलाय. असं नाणं बनावट ठरत नाही, पण वर्णनात आम्ही ते लिहितो. रंग नसलेल्या प्रूफवर हे पट्टे चकचकीत आणि दुधी पृष्ठभागांच्या फरकाने दाखवतात. झीज बघायची तर आधी प्रोपेलरची पाती आणि पंखांच्या कडा भिंगाखाली घ्यायच्या.

दर्शनी मूल्य आणि नाणं जारी करणाऱ्या देशाचं नाव नसेल, तर ते बहुतेक वेळा पदक, नाणं नव्हे. आमच्याकडे दोन्हींची यादी वेगळी.

अलीकडे अमेरिकेचं 2021चं टस्कीगी नाणं (दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी वैमानिकांच्या स्मरणार्थ) मागवलं जातं. पाच औंसाचं, 76.2 मिलिमीटरचं, विमानात बसायची तयारी करणारा वैमानिक आणि वर दोन मस्टँग लढाऊ विमानं. औंसाच्या नाण्याची 38 ते 40 मिलिमीटरची कॅप्सूल त्याला अर्थातच पुरत नाही, आणि सैल कॅप्सूलमध्ये एवढं वजन हललं की कड ठेचते. त्याच्या कडेवर शुद्धता आणि वजन खोदलेलं असतं, म्हणून आम्ही कडेचा फोटो घेऊन मगच ते बंद करतो.