टेबल उंच, खुर्ची बुटकी

बहुतेक टेबलं ३० इंच उंच. पाच फुटांच्या माणसाला टायपिंगसाठी ती उंचच पडतात. खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते. टेबलाचे पाय कापू नका, खुर्ची वर घ्या. कोपर काटकोनात, कीबोर्डच्या पातळीला आलं की थांबा. आता पाय लोंबकळतील, सीटची कड मांडीखाली रुतेल. म्हणून पायाखाली पाट. (स्वयंपाकघरातला चालतो.)

नुसत्या लॅपटॉपवर हे गणित जमतच नाही. स्क्रीन वर घ्यावी तर हात वर जातात, हात खाली ठेवावेत तर मान वाकते. कीबोर्ड-माउस वेगळा घ्या, लॅपटॉप डब्यावर चढवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर. बायफोकल चष्मा असेल तर दोनेक इंच खाली, नाहीतर हनुवटी उचलून वाचावं लागतं. कीबोर्डचे मागचे पाय मिटवूनच ठेवा. उघडले की मनगट मागे वाकतं.