मांडवातलं दोन खुर्च्यांचं टेबल

ख्रिस्ती संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण २४ जानेवारीला येतो आणि आमच्या मंडळाचा मेळावा त्याच्या जवळच्या रविवारी. नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये आठची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ती सुटली की मांडवात तर्री-पोहे आणि चहा. नागपूरची जानेवारीतली सकाळ म्हणजे बोटं आखडतात, त्यामुळे चहाच्या टेबलाशी गर्दी सगळ्यात आधी. जेवणाला अडीचशे माणसं धरायची. तांदूळ २५ किलो, तोही एकाच गंजात नाही, तीन गंजांत. एकदा सगळा भात एकत्र शिजवला तर खालचा करपला आणि वरचा कच्चा राहिला. सावजी मटणाचा रस्सा आणि शाकाहारी पंगतीला पाटवडी, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे सगळं अजूनही तसंच होतं. पण जुनी माणसं मेळाव्याची आठवण काढतात तेव्हा जेवणाच्या आधी कडुनिंबाखालच्या एका टेबलाची गोष्ट निघते.

तिथे वकीलभाऊ लोकांना कायद्याचा सल्ला द्यायला बसायचे. उभा जन्म नागपूरच्या कोर्टांत गेलेला माणूस. रविवारी फाईल उघडायची नाही हा त्यांच्या घरचा नियम, आणि वर्षातला हा एकच रविवार त्याला अपवाद. फ्रान्सिस द सेल्स पाद्री होण्याआधी पादुआ विद्यापीठात कायदा शिकले होते, हे ते दरवर्षी नव्या पोरांना कौतुकाने सांगत. टेबलावर पाटी नसे, व्हिजिटिंग कार्ड नसे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला काम मागत फिरता येत नाही, आणि हा नियम त्यांनी मांडवातही पाळला. तिथे कुणाचं वकीलपत्र घेतलं नाही. कोर्टात जावंच लागणार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवत. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हे ते आवर्जून सांगायचे. कितीतरी बायकांना हे त्या टेबलावरच कळलं.

टेबलासमोर खुर्च्या मात्र नेहमी दोन. एकटा नवरा येऊन बसला की त्यांचं ठरलेलं वाक्य : "वहिनी कुठं आहेत? त्यांना बसू द्या, मग बोलू." सही करायला नव्हे, ऐकायला. घराचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे बायकोला माहीत नसतं, आणि नवरा गेल्यावर धावपळ तिलाच करावी लागते.

वारसाहक्क ते संत्र्यावर समजावून सांगत. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. भाऊ संत्रं सोलून नऊ फोडी मोजून घ्यायचे. तीन फोडी बायकोच्या हातात, आणि तीन मुलं असतील तर प्रत्येकाला दोन-दोन. मग विचारायचे, "आता आईला काय?" म्हणजे त्या माणसाच्या म्हाताऱ्या आईला. नऊच्या नऊ फोडी संपलेल्या. मुलंबाळं असताना आईला या कायद्याने काहीच मिळत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा उतरायचा, आणि मृत्युपत्राचा कोरा कागद पुढे यायचा.

मृत्युपत्राच्या बाबतीत त्यांचं बारीक लक्ष असे. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेतच. करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही करायची, किंवा ही सही माझीच असं त्यांना सांगायचं, आणि त्यांनी करणाऱ्यासमोर आपापली सही करायची. चूक होते ती साक्षीदार निवडताना. घाईत घरातलीच सून साक्षीला बसवतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्ष केली तर ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाचा वाटा बुडतो. म्हणजे सुनेच्या सहीने मुलाचंच नुकसान. म्हणून साक्षीदार पंगतीतून आणायचे, शेजारपाजारचे, आणि करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, कारण उद्या वाद झाला तर कोर्टात उभं राहायला त्यांच्यातला एकजण तरी हयात हवा. दुसरी गोष्ट लग्नाची. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. विधुर माणसाने पुन्हा संसार मांडला तर नव्याने लिहायचं. चर्चला किंवा अनाथालयाला काही द्यायचं तर पूर्वी कलम ११८ आडवं यायचं. जवळचा नातलग असेल तर मृत्यूच्या किमान वर्षभर आधी केलेलं मृत्युपत्रच चालायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. भाऊंनी त्या वर्षानंतर जुन्या टिपणातली ती ओळ लाल शाईने खोडून ठेवली होती.

अंगठा घ्यायची वेळ आली की ते स्वतः उठत. धुणीभांडी करून करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. शाई जास्त लागली की कागदावर नुसता काळा ठिपका. म्हणून आजीचा अंगठा आधी कोरड्या फडक्याने पुसायचा, पॅडवर अलगद टेकवायचा, एक ठसा रद्दी कागदावर उमटवायचा आणि दुसरा खऱ्या कागदावर. खाली ओळ : "वाचून दाखवले, समजले", आणि ज्याने वाचून दाखवलं त्याची सही.

उरलेले बहुतेक लोक नावांची भानगड घेऊन येत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यात एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरं, आधारवर तिसरं स्पेलिंग. त्यावर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद, आणि पुढे सगळीकडे तेच एक स्पेलिंग. नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, भाडेपट्ट्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसांची नावं चढवा, नूतनीकरणाचं मग बघू, असं ते बजावत.

मंडळाचा कारभारही त्यांच्याच शिस्तीचा. पावतीपुस्तकाची स्थळप्रत फाडायची नाही, बिघडलेली पावती दोन रेघा मारून तिथेच ठेवायची. नवी कार्यकारिणी निवडली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज. हे राहिलं की सरकारी नोंदीत जुनेच विश्वस्त राहतात आणि बँक नव्यांच्या सह्या घेत नाही. एका वर्षी ते राहिलं, आणि मेळाव्याचा मांडववाला दोन महिने पैशांसाठी थांबला.

एक वाजला की टेबल बंद. कितीही माणसं उभी असोत, भाऊंची पत्नी ताटं वाढून घ्यायची आणि दोघं मुलांबरोबर पंगतीत बसायचे. जेवण झालं की पुन्हा टेबल, ते ऊन उतरेपर्यंत.

आता ते टेबल त्यांची मुलगी लावते. कडुनिंब तोच आहे. स्टँपपॅड नवं आलं, टिपणाची झेरॉक्स पुन्हा काढली, संत्री सकाळी मार्केटमधून येतात. समोर खुर्च्या दोन.