उलट्यांचे दिवस आणि रात्री नऊची गोळी

मागच्या मंगळवारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गोळ्यांची डबी आणायला गेले होते तर लाईनीत माझ्या पुढे एक मुलगी, ओढणी पार नाकापर्यंत घेतलेली, बोलता बोलता कळलं की दुसरा महिना चालूय, आठवड्यापूर्वी गोळी चालू झालेली आणि उलट्या होतात म्हणून हिने चार दिवस बंदच केली. वर "इतकी गरम गोळी, बाळाला बाधली तर?" हे पण मनात. मला माझं २०२१ आठवलं म्हणून लिहायला बसलेय.

मला नववा आठवडा होता. हिमोग्लोबिन, शुगरच्या सोबत जी रक्ततपासणी करतात त्यातच एचआयव्ही निघालं. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला मिळतो त्या केंद्रात, तीन वेगळ्या किटवर बघितलं, तिन्ही पॉझिटिव्ह. पहिला प्रश्न तोंडातून आला तो "पाडावं लागेल का". काउन्सेलर ताई म्हणाल्या, नाही गं, काहीच उपचार नाही केले तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि वेळेत चालू करून नीट घेतलीस तर ५ टक्क्यांच्याही खाली येते. तो आकडा मी घरी येईपर्यंत बसमध्ये मनात घोकत होते. ह्यांची टेस्ट निगेटिव्ह आली, त्यानंतरचे आठ दिवस घरात कसे गेले ते आत्ता लिहिणं जमणार नाही.

गोळी एकच, टीएलडी म्हणतात, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधं. रोज रात्री नऊला. डबी वाजते म्हणून मी आत कापूस कोंबून साड्यांच्या खाली ठेवायची. आणि उलट्या म्हणजे काय विचारू नका, फोडणीचा वास आला तरी पळायचं. ताईंनी सांगितलेलं की घेतल्या घेतल्या उलटी झाली आणि गोळी बाहेर पडली तर परत घे, पण मनाने बंद करू नकोस, मळमळीवर डॉक्टर वेगळी गोळी देतात ती माग. मी मागितली, मिळाली. अर्धी भाकरी खाऊन घेतली की टिकायची.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, ती नीट वाचा. ॲसिडिटीचं पातळ औषध मी जेवणानंतर प्यायची आणि लगेच ही गोळी. ते औषध पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवतं, मग ते अंगात पुरेसं जातच नाही! चौथ्या महिन्यात रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू झाल्या, त्यांचंही तेच. म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर घ्यायची. मी कॅल्शियम दुपारी दोनच्या आत उरकायची, लोहाची गोळी सकाळी. रक्तवाढीची बंद करायची नाही हां, फक्त वेळ बदलायची.

आमच्या सेंटरला एक मावशी येतात, त्यांच्या वेळी बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिन या एचआयव्हीच्या औषधाची एकच गोळी देत. २०१४ पासून आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, लगेच आणि कायमची गोळी चालू करतात. मावशी म्हणतात, तुम्ही पोरी नशिबाच्या.

एका खाजगी दवाखान्यात मात्र फाईल बघून "बेड नाही" सांगितलं, समोर दोन बेड रिकामे. असं नाकारणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, रडत बाहेर आले. शेवटी सरकारी दवाखान्यातच बाळंत झाले. त्याआधी आठव्या महिन्यातल्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर लिहिलेलं, टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही नाही. लेकीला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे औषधाचं सिरप दिलं, अठराव्या महिन्याचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह. आता ती माझ्या डबीला "आईचा खुळखुळा" म्हणते.

त्या मुलीला मी लाईनीतून काढून सरळ ताईंकडे नेलं. डॉक्टरांनी मळमळीची गोळी लिहून दिली आणि त्याच रात्रीपासून परत चालू करायला सांगितली. सेंटरला जायची भीती वाटत असेल तर आधी १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाईनला फोन करा, पैसे पडत नाहीत, आणि आपलं बोलणं कुणाला कळत नाही.