कृपया रिवाइंड करू नये

पोस्टातल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "व्हिडिओ कॅसेट? कुठे?" जर्मनीला, म्हटलं. "तिकडे मिळत नाहीत?" आता याला काय उत्तर देणार? मागे रांग होती. फॉर्मवर वस्तूची किंमत लिहावी लागते, म्हणून भंगारवाल्याकडून किलोच्या भावात आणलेल्या कॅसेटची किंमत मी शंभर रुपये लिहिली. टपालखर्च तिच्या कितीतरी पट झाला. पावती देताना बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला घरी रोज मिळते.

जुन्या कॅसेटी-तबकड्या जमवणाऱ्या देशोदेशीच्या आम्हा लोकांच्या या व्यवहारात पैसे फारसे नसतातच. तू मला हे पाठव, मी तुला ते पाठवतो. मला जपानहून लेझरडिस्क येतात. एलपी रेकॉर्डएवढी, तीस सेंटिमीटरची चकाकती तबकडी. एका बाजूला जास्तीत जास्त तासभर पिक्चर, मग उठून उलटायची. पायोनियर कंपनीने त्यांचे प्लेअर बनवणं 2009 साली थांबवलं. माझ्याकडे प्लेअर नाही, कधी नव्हताच. तबकड्या कपाटाला टेकवून ठेवल्यात, दुपारी ऊन आलं की छतावर इंद्रधनुष्य पडतं. एवढा उपयोग पुरे.

त्या बदल्यात त्यांना काय हवं असतं, तर आपला कचरा. अमेरिकेत व्हीसीडी, म्हणजे पिक्चरची सीडी, कधी रुजलीच नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांना आपल्या रस्त्यावरच्या व्हीसीड्यांचं कोण अप्रूप! एका सीडीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून हिंदी पिक्चर दोन-तीन सीड्यांवर यायचा. आणि चरे नेमके शेवटच्या सीडीवर, म्हणजे हिरोने ठोसा उगारला की पडद्यावर चौकोनच चौकोन. व्हीएचएस, म्हणजे आपली नेहमीची व्हिडिओ कॅसेट, हवी तर खाली जाहिरातींची पट्टी धावणारीच हवी. त्या पट्टीपायी आम्ही लहानपणी किती शिव्या दिल्या. नाचणाऱ्या नटीचे पाय सगळे बनियन आणि मसाल्यांच्या जाहिरातीखाली गेले.

जर्मनीतल्या गृहस्थांची अट आणखी वेगळी. व्हिडिओ लायब्ररीचं लेबल खरवडायचं नाही, डबी पुसायची नाही आणि कॅसेट रिवाइंड करायची नाही. "कृपया रिवाइंड करून परत करावी" असं लेबलावर छापलेलं असताना, जिथे थांबली असेल तिथेच ठेवून पाठवायची! मला मात्र त्यांचं म्हणणं लगेच पटलं, कारण ही खोड माझीही आहे. जुनी कॅसेट हातात आली की मी आधी खिडकीतून टेप कुठवर गुंडाळलीय ते पाहतो, आणि तिथूनच लावतो. शेवटच्या माणसाने कुठे सोडली? गाण्यात? मारामारीत? एक कॅसेट शेवटच्या पाच मिनिटांवर सोडलेली मिळाली होती. पाच मिनिटांसाठी कोण उठतं?

आम्ही उठायचो, म्हणजे उठवले जायचो. गिरगावात आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत वर्गणीतून रात्रभराचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही यायचा. सोबत ऑपरेटर, तोंडात मावा, खिशात एक कोरी करकरीत नोट. चित्रात मुंग्या आल्या की तो झाकण उघडून त्या नोटेने टेप वाचणारं हेड पुसायचा आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. पहिला पिक्चर आज्ज्यांसाठी पौराणिक, दुसरा सगळ्यांचा, तिसरा लागेपर्यंत पहाटेचे चार. चटईवर पोरं आडवीतिडवी पडलेली, एखादा काका भिंतीला टेकून घोरतोय. दूधवाला आला की ऑपरेटर घड्याळ बघायचा, आणि सात वाजले की पिक्चर कुठेही असो, बटण बंद. टीव्ही टॅक्सीत. असे कितीतरी पिक्चर माझे अर्धेच राहिले. आज फोनवर शेवट सहज सापडेल. शोधत नाही.

पावसाळा संपला की कॅसेटी बाहेर काढून तपासायच्या, हा मुंबईतला वेगळाच उद्योग. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली की ती व्हीसीआरमध्ये घालायची नाही, नाहीतर हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी घरभर साठवतो. खराब झाल्या तर नव्या कॅसेटी, नवा व्हीसीआर आता कोण बनवणार? सोनीने बीटामॅक्सच्या, म्हणजे व्हीएचएसशी स्पर्धा करणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या, कॅसेटी 2016 च्या मार्चमध्ये बंद केल्या आणि त्याच जुलैत जपानच्या फुनाईने व्हीसीआर बनवणं सोडलं. बीटामॅक्स 1975 ची, व्हीएचएस 1976 ची. ऐंशीच्या दशकात एक हरली, एक जिंकली म्हणतात. गाशा मात्र दोघींनी एकाच वर्षी गुंडाळला.

परवा जर्मनीहून निरोप आला: लग्नाची कॅसेट मिळेल का? कोणाचंही लग्न चालेल. बदल्यात चालू स्थितीतला बीटामॅक्स प्लेअर. मी हबकलोच. आमची कॅसेट आहे, बदामाच्या आकारात आमचे चेहरे, मागे सनई, मग अचानक हिंदी गाणं. तिच्यात सगळं खानदान जेवताना दिसतं. अनोळखी माणसाच्या कपाटात ते सगळे कशाला?

बायको म्हणाली, "दे की. आपण तरी कुठे बघतो? फक्त त्याआधी एकदा लाव. मामींनी माझाच शालू नेसला होता की नाही, त्याचा सोक्षमोक्ष लावायचाय."

व्हीसीआरचा बेल्ट गेल्या महिन्यातच तुटलाय. लॅमिंग्टन रोडला विचारलं, तर दुकानातला पोरगा हसला. जर्मनीला लिहिलंय, बेल्ट असेल तर आधी पाठवा.